सगळ्यांचं सिबिल मागायचं का? चाकणच्या एचआर मॅडमना उत्तर

पत्र थोडं कमी करून देतेय:

"नमस्कार ताई, मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत एचआर बघते, आमच्याकडे साधारण 140 माणसं आहेत. गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या कॅशियरनं पेटी कॅशमधून बरेच पैसे काढले, नंतर कळलं की त्याच्यावर लोन ॲपचं वगैरे कर्ज होतं. तेव्हापासून साहेबांनी ठरवलंय की नवीन येणाऱ्या प्रत्येकाचं सिबिल बघायचं, हेल्परपासून मॅनेजरपर्यंत, आणि 700 च्या खाली असेल तर घ्यायचं नाही. साहेबांचे एक मित्र बँकेत आहेत, त्यांना पॅन नंबर पाठवला की ते रिपोर्ट काढून व्हॉट्सॲप करतात. आत्तापर्यंत 3 जणांचे असे आलेत. त्यातली एक मुलगी अकाउंट्स असिस्टंटसाठी होती, जुन्नरकडची, टॅली उत्तम, जीएसटीचं काम केलेलं, इंटरव्ह्यूत सगळ्यात चांगली. तिचा स्कोअर 612 आलाय आणि एका पर्सनल लोनपुढे सेटल्ड लिहिलंय. साहेब म्हणतात हिला नको. मी तिला अजून काहीच कळवलेलं नाही, ती रोज मेसेज करतेय. बँका पण सिबिल बघूनच नोकरी देतात मग आपण बघितलं तर काय चुकलं असं साहेबांचं म्हणणं आहे. हे कायद्यात बसतं का? आणि त्या मुलीला काय सांगू?"

मॅडम, पत्र वाचून आधी त्या बँकेतल्या मित्राबद्दलच बोलायला पाहिजे असं वाटलं, कारण बाकी सगळ्याला वेळ आहे, याला नाहीये. ते आजच बंद करा. उद्या कोणाचा इंटरव्ह्यू असेल आणि साहेब पॅन मागत असतील तर देऊ नका, स्पष्ट नाही म्हणा.

कारण सांगते. आपल्याकडे क्रेडिट रिपोर्टसाठी वेगळा कायदा आहे, क्रेडिट इन्फॉर्मेशन कंपनीज (रेग्युलेशन) ॲक्ट, 2005 चा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या त्याच्याखाली आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीत चालतात. या कंपन्यांनी माहिती कोणाला द्यायची हे ठरलेलं आहे, बँका, एनबीएफसी (म्हणजे बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या कंपन्या), विमा कंपन्या, टेलिकॉम कंपन्या वगैरे. ऑटो पार्ट्स बनवणारा कारखाना त्यात येत नाही. आणि बँकेच्या माणसाला जे लॉगिन मिळतं ते बँकेच्या कामासाठी मिळतं, मित्राच्या कंपनीत कोण नोकरीला योग्य हे बघायला नाही. परवानगी नसताना अशी माहिती मिळवणं हा त्या कायद्याच्या कलम 22 खाली गुन्हा आहे, प्रत्येक वेळेला 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्या मित्राची नोकरी जाईल ते वेगळंच.

आणि हे लपून राहील असं साहेबांना वाटत असेल तर राहत नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर 2023 मध्ये काढलेल्या सूचनांप्रमाणे कोणी रिपोर्ट उघडला की त्या माणसाच्या मोबाइलवर किंवा ईमेलवर अलर्ट जायला पाहिजे. शिवाय रिपोर्टमध्येच शेवटी चौकशांची यादी असते, कोणत्या बँकेनं, कोणत्या तारखेला, कशासाठी बघितलं. म्हणजे त्या मुलीनं उद्या स्वतःचा रिपोर्ट काढला तर जिथं तिनं कधी अर्जच केला नाही त्या बँकेचं नाव तिला दिसणार, आणि तारीख बघितली की तिला आठवणार की त्याच आठवड्यात आपण चाकणला इंटरव्ह्यू दिला होता. वर ती चौकशी कर्जाच्या अर्जाची म्हणून नोंदली गेली असेल तर तिचा स्कोअर त्यानं आणखी खाली जाऊ शकतो. तिनं काय केलं होतं? फॉर्मवर पॅन लिहिला होता, तोही पगार आणि टीडीएससाठी लागतो म्हणून.

ते 3 रिपोर्ट तुमच्या फोनमधून, साहेबांच्या फोनमधून, ग्रुपवर टाकले असतील तर तिथून, प्रिंट काढली असेल तर फाइलमधून काढून टाका. त्यात फक्त स्कोअर नसतो हो. जन्मतारीख, पॅन, जुने-नवे पत्ते, फोन नंबर, कोणत्या बँकेत कोणतं खातं, किती थकलंय, सगळं असतं. तुमचे स्वतःचे हे कागद कोणा अनोळखी कंपनीच्या व्हॉट्सॲपवर फिरले तर कसं वाटेल तुम्हाला, इतकाच विचार करा.

आता साहेबांचा मुद्दा, बँका बघतात मग आपण का नाही.

बँका बघतात हे खरं आहे. सरकारी बँकांच्या भरतीच्या जाहिरातीत क्रेडिट हिस्टरी चांगली असावी अशी अट असते. साहेबांनी कदाचित मद्रास हायकोर्टाचा 2025 च्या जूनमधला निकाल वाचला असेल, तेव्हा बराच फॉरवर्ड झाला होता. स्टेट बँकेनं 2020 मध्ये ऑफिसरच्या जागा काढल्या, एका उमेदवाराची निवड झाली, 2021 मध्ये नेमणुकीचं पत्रसुद्धा मिळालं, आणि मग सिबिल रिपोर्टमध्ये कर्ज आणि क्रेडिट कार्डची जुनी थकबाकी दिसली म्हणून नेमणूक रद्द केली. तो म्हणाला की मी सगळं फेडलंय, जाहिरातीच्या वेळी काही बाकी नव्हतं. कोर्टानं बँकेच्या बाजूनं निकाल दिला.

पण तो निकाल नीट वाचला तर त्यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही तुमच्याकडे नाहीत. एक म्हणजे ती अट जाहिरातीतच छापलेली होती, उमेदवाराला अर्ज करायच्या आधीपासून माहीत होती. दुसरं म्हणजे ती बँक आहे, लोकांचा पैसा सांभाळणं हाच तिचा धंदा, म्हणून तिथल्या माणसाची पैशाची शिस्त बघण्यात अर्थ आहे असं कोर्टानं म्हटलं. तुमच्याकडे अट कुठं लिहिलेली नाही, उमेदवाराला विचारलेलं नाही, आणि हेल्परच्या हातात पाना असतो, लोकांचा पैसा नाही. त्या निकालावरून कोणत्याही कंपनीनं कोणाचंही सिबिल बघावं असा अर्थ काढणं चुकीचं आहे.

मग खाजगी कंपनीला अजिबातच बघता येत नाही का? तसंही नाही. खाजगी कंपनीनं उमेदवाराचा क्रेडिट रिपोर्ट मागूच नये असा थेट कायदा आपल्याकडे नाही. पण मागायचा तर त्याच्याकडूनच मागायचा, उघडपणे, कशासाठी ते सांगून, त्याची लेखी संमती घेऊन. आयटी ॲक्टखालचे 2011 चे नियम आहेत त्यात बँक खात्याची, कार्डांची माहिती संवेदनशील धरलीय आणि ती घेताना लेखी संमती हवी, ईमेलनं घेतली तरी चालते, आणि खरंच गरज असेल तितकीच घ्यायची, गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवायची नाही. आता 2023 चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा पण आलाय, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य कलमं 18 महिन्यांनी म्हणजे 2027 च्या मे महिन्यात लागू होतायत. माहिती नीट सांभाळली नाही तर 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे त्यात. तुमच्यासारख्या कंपनीला लगेच तेवढा कोणी लावेल असं मी म्हणत नाही, पण व्हॉट्सॲपवर लोकांचे रिपोर्ट फिरवायचे दिवस गेले एवढं साहेबांना कळू दे. त्या कायद्यात माणसाला, त्याची कोणती माहिती कशासाठी घेतोय याची सूचना मराठीतसुद्धा वाचायला मिळाली पाहिजे अशी सोय आहे, ती मला फार आवडते, कारण चाकणला येणाऱ्या कितीतरी मुलांकडून इंग्रजी फॉर्मवर नुसत्या सह्या घेतल्या जातात आणि आपण काय लिहून दिलं ते त्यांना माहीतही नसतं.

कायद्याचं एवढं पुरे. माझा खरा आक्षेप दुसराच आहे.

तुमच्या कॅशियरनं पैसे काढले, त्याच्यावर कर्ज होतं, म्हणून ज्याच्यावर कर्ज आहे तो पैसे काढेल असं साहेबांनी धरलं. राग मी समजू शकते, स्वतःच्या कंपनीत विश्वासाच्या माणसानं असं केलं की माणूस हादरतोच. पण स्कोअर जे सांगतो ते इतकंच की या माणसानं घेतलेली कर्जं वेळेवर फेडली का, किती कार्ड वापरलं, किती ठिकाणी अर्ज केले. प्रामाणिकपणा त्यात मोजलेलाच नाही. ज्यांचा हा धंदा आहे त्या ट्रान्सयुनियन कंपनीच्या, म्हणजे आपल्या सिबिलच्याच मालक कंपनीच्या, प्रतिनिधीनं 2010 मध्ये अमेरिकेत ओरेगन राज्याच्या विधिमंडळापुढे सांगितलं होतं की क्रेडिट रिपोर्टमध्ये जे असतं त्याचा आणि माणूस काम कसं करेल किंवा फसवणूक करेल का याचा संबंध दाखवणारा अभ्यास आमच्याकडे नाही. विकणारेच असं म्हणतात, आणि आपण 700 चा आकडा धरून बसायचं?

आणि खाली आलेला स्कोअर येतो कुठून ते बघा ना. आपल्या भागातलंच सांगते. चुलत्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन राहिलेला मुलगा, चुलत्यानं हप्ते थकवले की मुलाच्या रिपोर्टमध्ये ते खातं जामीनदार म्हणून दिसतं. पीक कर्ज, दोन वर्षं पाऊस गेला, भाव गेला, कर्जमाफी होईल होईल म्हणून गावात कोणीच भरलं नाही, आणि सातबाऱ्यावर नाव असलेला पोरगा आता नोकरी शोधतोय. पीक कर्जाला सिबिल मागू नका असं राज्याच्या मुख्यमंत्र्यांनाच बँकांना बजावून सांगावं लागलं, यावरून हा विषय किती घराघरात गेलाय ते कळतं. मग शैक्षणिक कर्ज, नोकरी लागली नाही म्हणून थकलं आणि थकलं म्हणून नोकरी मिळेना, यातून ते पोरगं बाहेर कसं यायचं? कोविडमध्ये दवाखान्याला लागलेले पैसे. नवऱ्यानं बायकोच्या नावावर घेतलेलं लोन, हे तर इतकं बघितलंय मी की काय सांगू, बाईला माहीतही नसतं आणि माहीत असलं तरी बोलता येत नाही.

दुसऱ्या टोकाला ज्यानं कधी कर्जच घेतलं नाही त्याला स्कोअरच नसतो, रिपोर्टमध्ये उणे 1 किंवा एनएच (नो हिस्टरी) असं काहीतरी येतं. आयटीआय करून थेट तुमच्याकडे आलेली पोरं सगळी तशीच असणार. साहेबांच्या 700 च्या नियमात ती पण बाद, आणि त्यांचा दोष काय तर उधारी केली नाही.

चुका पण असतात त्यात. सारख्या नावाच्या माणसाचं खातं चिकटलेलं असतं, कर्ज फेडून नो ड्यूज घेतलं तरी बँकेनं कळवलेलं नसतं, 2022 च्या सुरुवातीला तर एका लोन ॲपवरून भलत्याच माणसांच्या पॅनवर कर्जं निघाल्याच्या तक्रारींचा पूर आला होता. अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं 2012 मध्ये तपासलं तर 5 माणसांमागे एकाच्या निदान एका रिपोर्टमध्ये तरी चूक निघाली आणि ती दुरुस्त करावी लागली. म्हणजे चूक हा अपवाद समजून चालत नाही, ती असेलच असं धरून पद्धत बसवावी लागते.

तुमच्या पेटी कॅशचं म्हणाल तर मला एकच प्रश्न विचारायचाय, रोख शिल्लक कोण मोजत होतं? बरेच पैसे जाईपर्यंत कळलं नाही म्हणजे कॅशियरच व्हाउचर बनवत होता, तोच पैसे देत होता आणि तोच शिल्लक लिहीत होता, बरोबर ना? हे 800 स्कोअरवाल्या माणसाच्या हातात दिलं असतं आणि वर्षभरानं त्याच्या घरी काही संकट आलं असतं तरी हेच घडू शकलं असतं. व्हाउचर एकानं करायचं, मंजूर दुसऱ्यानं करायचं, न सांगता अधूनमधून कॅश मोजायची, पेटी कॅशला मर्यादा घालायची, आणि कॅशियरला वर्षातून एकदा सलग सुट्टीवर पाठवून त्याचं काम दुसऱ्याला द्यायचं. याला साहेबांचा एक दिवस जाईल पण खरा बंदोबस्त हा आहे, सिबिल नाही. शिवाय अडचणीत असलेल्या कामगाराला पगारातून उचल मिळायची काही सोय असेल तर लोन ॲपच्या दारात जायची वेळच कमी येईल, तेही बघा.

तरी काही जागा अशा असतात की तिथं बघणं योग्य आहे, ते मी नाकारत नाही. कोणत्या? इथं अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचं उदाहरण कामाचं आहे. तिथं 2011 पासून कायदा आहे की नोकरीसाठी क्रेडिट रिपोर्ट बघायचाच नाही, फक्त काही जागांना सूट. 2,500 डॉलर किंवा जास्त रोख किंवा मौल्यवान वस्तू देखरेखीशिवाय ज्याच्या ताब्यात असतात तो, कंपनीच्या पैशावर 100 डॉलर किंवा जास्त रकमेसाठी सही करायचा अधिकार ज्याला आहे तो, कंपनीची दिशा ठरवणारा मॅनेजर, खरोखर गोपनीय माहिती हाताळणारा, अशा मोजक्या. आणि कोर्टानं तिथं ही सूट घट्ट धरली. नीमन मार्कस नावाच्या मोठ्या दुकानानं सेल्सच्या जागेवर एका बाईला क्रेडिट रिपोर्टवरून नाकारलं होतं, दुकानाचं म्हणणं की ती गिऱ्हाइकांचे क्रेडिट कार्डचे फॉर्म घेणार म्हणजे गोपनीय माहिती हाताळणार. 2016 मध्ये अपील कोर्टानं ते मानलं नाही, नुसते फॉर्म घेऊन पुढे देणं म्हणजे गोपनीय माहितीचं पद होत नाही म्हणाले. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण विचार करायची रीत उचलण्यासारखी आहे, पद घ्यायचं आणि विचारायचं की हा माणूस एकट्यानं, दुसऱ्या कोणाच्या नजरेशिवाय, कंपनीचा पैसा बाहेर पाठवू शकतो का?

तुमच्या 140 जणांत अशा जागा किती निघतील? कॅशियर, नेट बँकिंगमध्ये पेमेंट रिलीज करणारा, फायनान्सचा प्रमुख, फार तर स्क्रॅपच्या विक्रीचे रोख पैसे घेणारा. बस. हेल्पर, ऑपरेटर, ड्रायव्हर, क्वालिटीवाले, डिझाइनवाले, एचआरमधल्या तुम्ही, कोणालाच गरज नाही.

त्या 3-4 जागांसाठी मागायचं तर असं करा. जाहिरातीतच लिहा की या पदाला क्रेडिट रिपोर्ट बघितला जाईल, म्हणजे आलेल्या माणसाला आधीच माहीत असेल. पहिल्या फॉर्मबरोबर मागू नका, निवड सगळी झाली, माणूस पक्का केला, मग शेवटी मागा, नाहीतर नकळत आधीच मन कलुषित होतं आणि चांगला माणूस इंटरव्ह्यूपर्यंत येतच नाही. रिपोर्ट उमेदवारानं स्वतः काढायचा, चारही कंपन्यांकडून कॅलेंडर वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, आणि स्वतःचा स्वतः बघितला तर स्कोअर कमी होत नाही. त्यानं तो तुमच्या समोर उघडून दाखवायचा. कॉपी घेऊ नका. फाइलला एवढंच लिहा की अमुक तारखेला बघितला, पुढे जायला हरकत आहे की नाही. जे तुमच्याकडे नाहीच ते गळणार पण नाही.

संमतीचा मजकूर मी असा करीन, हवा तर हाच वापरा: "या पदावर कंपनीच्या खात्यातून पैसे पाठवायचे अधिकार असल्यामुळे, निवड झाल्यावर आम्हाला तुमचा क्रेडिट रिपोर्ट बघायचा आहे. तो तुम्ही स्वतः काढून आमच्यासमोर दाखवायचा आहे, आम्ही त्याची प्रत ठेवणार नाही. स्कोअर किती आहे यावरून निर्णय होणार नाही. काही शंका आली तर निर्णय घेण्याआधी तुम्हाला विचारू, रिपोर्टमध्ये चूक असेल तर दुरुस्तीसाठी वेळ देऊ. दाखवायचा नसेल तर तसं सांगा, या पदासाठी पुढे जाता येणार नाही पण बाकीच्या जागांसाठी तुमचा विचार होईल." खाली सही, तारीख. मराठीतच ठेवा, हिंदी बोलणारा असेल तर हिंदीत करा.

बघताना आकड्याकडे बघू नका, ओळी वाचा. मागच्या 36 महिन्यांचे हप्ते दिसतात, कुठं किती दिवस उशीर ते. एकेकाळी खड्डा पडला आणि नंतर सगळं नियमित आहे, तर उलट चांगलं म्हणायला पाहिजे, माणूस पडला आणि उठून उभा राहिला. आत्ता, या महिन्यात, एकामागून एक लोन ॲपची कर्जं घेतलीयत आणि सगळी थकलीयत असं दिसलं तर विचारायला हरकत नाही. पण विचारायचं हं, परस्पर बाद करायचं नाही. आणि विचारताना आजारपण, घरातली भांडणं, घटस्फोट यांच्या तपशिलात शिरू नका, तो जेवढं सांगेल तेवढं ऐका. साहेब एकटे नकोत तिथं, तुम्ही पण बसा, दोघांनी मिळून ठरवा आणि सगळ्या उमेदवारांना तोच नियम लावा, ओळखीच्याला एक आणि गावाकडून आलेल्याला दुसरा असं झालं की सगळंच खोटं पडतं.

अमेरिकेतल्या केंद्राच्या कायद्यात या बाबतीत एक पायरी आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नकार द्यायच्या आधी मालकानं उमेदवाराला त्या रिपोर्टची कॉपी आणि त्याच्या हक्कांचा कागद द्यायचा, थोडे दिवस थांबायचं, त्याला चूक दाखवायची संधी द्यायची, मगच शेवटचा निर्णय कळवायचा. आपल्याकडे हे सक्तीचं नाही, पण तुम्हाला करायला कोणी अडवलेलं पण नाही. चूक निघाली तर उमेदवाराला सांगा की त्या क्रेडिट कंपनीच्या साइटवर फुकट तक्रार टाकता येते, 30 दिवसांत निकाली काढायला पाहिजे, त्यापुढे गेलं तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते, आणि तरी ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. 2025 च्या जानेवारीपासून बँकांना निदान दर 15 दिवसांनी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे दुरुस्ती पूर्वीइतकी रेंगाळू नये. तोपर्यंत जागा थांबवता येत नसेल तर जॉइन करून घ्या आणि पेमेंट रिलीजचा अधिकार नंतर द्या.

आता ती जुन्नरची मुलगी.

ती अकाउंट्स असिस्टंट आहे, म्हणजे टॅलीत एंट्री, बिलं, जीएसटीचे रिटर्न. पेमेंट ती फार तर तयार करणार, रिलीज मॅनेजर करणार. मी वर जे म्हटलं त्या हिशोबानं तिच्या पदाला क्रेडिट रिपोर्ट लागतच नाही. आणि जो रिपोर्ट तुमच्याकडे आला तो चोरवाटेनं आलाय, त्यावर निर्णय घेणं म्हणजे आधीच्या चुकीवर दुसरी चूक चढवणं. सेटल्डचा अर्थ एवढाच की बँकेशी तडजोड होऊन काही रक्कम भरून खातं मिटवलं, पूर्ण भरलं नाही. त्याच्यामागे काय होतं तुम्हाला माहीत नाही, आणि या नोकरीसाठी ते माहीत करून घ्यायची गरजही नाही. तिला घ्या.

तिला सांगायचं का? हो, मला वाटतं सांगायला पाहिजे. तिला अलर्ट आला असेल किंवा पुढे कधीतरी दिसेल, आणि तेव्हा ती तुमच्याच कंपनीत काम करत असेल. फोन करून सरळ सांगा की तुमची निवड झालीय, आणि एक गोष्ट आमच्याकडून चुकीची झाली, तुमचा क्रेडिट रिपोर्ट तुम्हाला न विचारता बघितला गेला, तो काढून टाकलाय, त्याचा निर्णयावर परिणाम झालेला नाही, आणि यापुढे असं होणार नाही. कंपनीच्या वतीनं माफी मागा. साहेबांना हे आधी विचारावं लागेल, मान्य आहे, आणि ते म्हणतील कशाला उकरून काढायचं. त्यांना सांगा की तिनं स्वतः शोधून काढून तक्रार केली तर त्यांच्या मित्राचं नाव पहिलं येईल. बाकीच्या दोघांना पण हेच कळवा, त्यांना घेतलं असो वा नसो, आणि त्यांना फक्त आकड्यावरून बाद केलं असेल तर त्यांचे अर्ज पुन्हा उघडा.

साहेबांशी बोलताना कायद्यानं सुरुवात करू नका, ते चिडतील. पेटी कॅशच्या बंदोबस्तानं सुरुवात करा, तो कागद तयार करून घेऊन जा, कोण मंजूर करणार, कोण मोजणार, किती मर्यादा, कधीपासून. त्यांची भीती खरी आहे आणि त्या भीतीचं उत्तर तुम्ही आणलंय हे त्यांना आधी दिसू दे. मग सांगा की सिबिल आपण फक्त या 3-4 जागांना बघू, असं असं बघू, आणि मित्राला यातून मोकळं करू. एवढ्यावरही ते ऐकले नाहीत तर तुमचं म्हणणं ईमेलवर त्यांना लिहून ठेवा, पॅन तुमच्या हातून जाऊ देऊ नका, कारण उद्या विचारलं गेलं तर उमेदवाराची माहिती एचआरनं दिली असंच म्हटलं जाणार.

आणि आता जे 140 जण आहेत त्यांचं पण एकदा काढून बघू असं साहेबांच्या मनात आलं, येईलच बहुतेक, तर तिथंही नाहीच म्हणा. त्या मुलीला आधी फोन करा, ती वाट बघतेय.